गॉल्जी जुळताना

तिने त्याचं तोंड पाहिलं ते नंतर. आधी दिसले नुसते पाय... सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाखालून बाहेर आलेले, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं.

"दोन वाजले. आता ही खोली माझी," तिने पायांना बजावलं.

"पाच मिनिटं," टेबलाखालून आवाज आला. "तुमच्याच पेशींसाठी खपतोय. त्या ठेवायच्या डबीचा हीटर बदललाय, सेन्सर बसवला की झालं."

"पाच म्हणजे पाच. माझ्या पेशी कुणासाठी थांबत नाहीत."

"कुणावर गेल्यात ते कळलं," म्हणत तो बाहेर सरकला. केसांत जळमट, गालाला काळा डाग, आणि हसू असं की तिला उगीचच घड्याळाकडे बघावं लागलं.

तो संस्थेचा नवा यंत्रदुरुस्तीवाला. ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिचा सगळा जीव गॉल्जीत. गॉल्जी म्हणजे पेशीतली चपट्या पिशव्यांची चळत. तयार प्रथिनं इथे आवरून-सावरून, पत्ता लावून रवाना होतात. एक औषध घातलं की ही चळत विरघळते आणि औषध धुतलं की तास-दीड तासात पुन्हा उभी राहते. तिचा दावा होता, एका ठरावीक प्रथिनाशिवाय ही चळत उभी राहूच शकत नाही. दावा टिकला तर सर तिला आणखी दोन वर्षांचं काम देणार होते. नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून दुसरं गाव बघायचं.

त्यानंतर तो रोज काही ना काही तपासायला येऊ लागला.

"एकदा चळत बांधून झाली की संपलं ना? रोज काय बघता?" त्याने एकदा विचारलं.

"संपत नाही हो. एका बाजूने माल येत राहतो, दुसऱ्या बाजूने जात राहतो. येणं थांबलं, की चळतही राहत नाही."

"म्हणजे रोज यावं लागतं."

"लागतंच."

"मग उद्या येतो," तो म्हणाला आणि सटकला. ती एकटीच हसत बसली. घरी मावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "हल्ली तुमचं यंत्र फार बिघडतं वाटतं," एवढंच म्हणून ती पुन्हा भाजी चिरू लागली.

तीन आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि सूक्ष्मदर्शकातून पेशींच्या सहा फिल्म घेऊन झाल्या. प्रथिन काढलेल्या पेशींत सहाही वेळा गॉल्जी उभी राहिली नाही. शुक्रवारी चार वाजता सरांपुढे मांडणी होती आणि आनंदाने ती नुसती हवेत होती.

शुक्रवारी अकराला तो आला. आज हसू नव्हतं.

"सेन्सर हीटरलाच चिकटलाय... माझ्याकडून. पडद्यावर सदतीस दिसत होतं, या एसीच्या गारठ्यात डबीत जेमतेम सोळा अंश होते. पहिल्या दिवसापासून."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सोळा अंशांत कुठल्याच पेशीत माल हलत नाही, गॉल्जी उभी राहणार कशी? तुलनेसाठी लागणारी, प्रथिन असलेल्या साध्या पेशींची फिल्म तिने नवा हीटर बसण्याआधीच घेतली होती. पुन्हा घ्यायचा आळस तिचाच.

"सरांना मी सांगतो," तो म्हणाला.

"काही नको. सेन्सर नीट बसव. पाच तास आहेत हातात."

तिने पेशींना औषध दिलं, धुतलं, डबी सदतीसवर ठेवली. दोघं पडद्यासमोर बसले. तासाभराने विखुरलेले ठिपके एकमेकांकडे सरकू लागले, आणि प्रथिन नसतानाही एकेक चळत उभी राहिली. डोळ्यांदेखत तिचा दावा कोसळत होता, आणि ते दिसत मात्र होतं फार सुंदर. तिला रडूही येईना.

"थांब..." ती पुढे वाकली. "चळती झाल्या, पण एकमेकींना जोडल्या जात नाहीयेत! साध्या पेशींत त्यांची सलग पट्टी होते. बांधायला नाही, जोडायला लागतं हे प्रथिन!"

चारला तिने सगळं सांगितलं. सहा फिल्म बाद, एक खरी. सरांनी दोन वर्षांऐवजी सहा महिने दिले.

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता.

"गप्प बसला असतास तर दोन वर्षं मिळाली असती मला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि मीही तुझ्यासमोर राहिले असते... दोन वर्षं."

"सकाळपासून तेवढंच डोक्यात होतं."

"तरी बोललास?"

"उद्या दुसऱ्या कुणी तुझा दावा खोटा ठरवला असता. आणि तुझ्या तोंडावर... मला नसतं बघवलं ते."

"म्हणूनच," ती म्हणाली. आता चाचरायचं काही कारणच उरलं नव्हतं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. सहा महिने असोत नाहीतर कितीही, मी हे काम पुरं करणार आहे, आणि तू मला हवा आहेस."

 त्याने तिचा हात हातात घेतला, घट्ट. तेवढ्यात सर दार उघडून बाहेर आले, दोघांकडे पाहून उगीच चष्मा पुसू लागले. तिने हात सोडवून घेतला नाही.