केशरबाईंच्या घरचे पोहे

पोह्यांची दुसरी बशी पुढे आली, तेव्हा कुठे पौर्णिमाला शंका आली.

अकोल्याची ही मुलगी इंग्लंडमधील एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती. पदवीच्या मधले, प्रत्यक्ष कामाचे वर्ष तिने अमरावतीच्या एका संशोधन संस्थेत मागून घेतले होते. संत्र्याच्या बागा असलेल्या कुटुंबांची पाहणी हे तिचे काम. वरूडजवळचे हे घर चिठ्ठी टाकून निघाले होते. एरवी त्या फाटकातून आत येण्याचे तिला काहीच कारण नव्हते. शिस्तीप्रमाणे तिने विचारले : ओलीत किती, मुलगा किती शिकला, घरात निर्णय कोण घेते, येत्या दोन वर्षांत घरात कोणी नवे राहायला येणार का. प्रत्येक प्रश्नागणिक केशरबाईंचा चेहरा उजळत गेला. शेजारच्या दोघी पदर सावरीत ओसरीवर येऊन बसल्या.

“मायबाप नाही आले काय संगं?” केशरबाईंनी विचारले.

“कामावर... ते कशाला येतील?”

“हे बी खरंच. आता पोरीच पाहून घेतात. गजेंद्रऽ! ये बापा, पाहुनी आली.”

बागेतून आलेल्या तरुणाच्या दुमडलेल्या बाह्यांना संत्र्याच्या पानांचा वास होता. त्याने ओसरीवरच्या बायका पाहिल्या, पोहे पाहिले, पौर्णिमाच्या हातातली पेन्सिल पाहिली. आणि ओठांवरचे हसू कसेबसे आवरले.

“आई, या सर्वेवाल्या आहेत. मले पाहाले नाही आल्या.”

शेजारच्या दोघींचे पदर तोंडाला गेले.

“मंग पोहे वापस घेऊ काय?” केशरबाई म्हणाल्या. “खा, माय.”

फाटकापर्यंत तो सोबत आला. “एवढं इचारलं तुमी, पन जमते का नाही, ते सांगतलंच नाही.”

“आमच्या शास्त्रात... निष्कर्ष घाईने काढत नाहीत.”

“मंग परत या. एका भेटीत काय समजते?”

ती परत गेली. संशोधनाला पुनर्भेट आवश्यक असते, असे तिने स्वतःला बजावले. आणि हा युक्तिवाद टिकत नाही हे ज्या दिवशी कळले, त्याच दिवशी तिने ते घर आपल्या पाहणीतून वगळवून घेतले. जाणे मात्र वगळले नाही.

“आमचं घर काहून काढलं?” गजेंद्रने विचारले.

“ज्याविषयी तटस्थ राहता येत नाही, ते ठेवू नये — असा नियम आहे.”

“कोनाविषयी?”

“पोह्यांविषयी,” ती म्हणाली, आणि नजर बागेतल्या झाडाकडे वळवली.

वर्ष सरत आले, तशी एका प्रश्नाची धास्ती तिच्या मनात घर करून बसली. ‘थांबतेस का?’ असे त्याने विचारले, तर ती थांबली असती; आणि अर्धवट राहिलेल्या पदवीचा दोष जन्मभर, नकळत, त्याला देत राहिली असती.

निघण्याच्या आदल्या दुपारी दोघे बागेत उभे होते. फांद्यांवर हिरवी, कच्ची संत्री लगडली होती. तो एकाच फांदीची पाने पुन्हा पुन्हा निरखीत होता.

“गजेंद्र... काही विचारायचंय?”

“जा,” तो म्हणाला. “पुरं करून ये. आमी झाडाचं पानी मुद्दाम तोडतो. ताण बसल्याबिगर बहार फुटत नाही. तुले थांब म्हननार नाही मी.”

न विचारलेल्या प्रश्नासाठी एखाद्या माणसाचे इतके ऋणी व्हावे, हे तिला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते. तिचे डोळे भरून आले.

“पन एक इचारतो,” तो पुढे म्हणाला. “तुयाच पाहनीतलं. घरात कोनी नवं राहाले येनार काय? त्या दिवशी आई नुसतीच हासली होती म्हने.”

“ते घर मी पाहणीतून काढलंय.”

“म्हनूनच तं इचारून राहिलो.”

पौर्णिमा हसली. त्या फाटकापाशी राहून गेलेले उत्तर तिने आज, प्रथमच, आपल्या घरच्या बोलीत दिले.

“जमते, गजेंद्र... मले जमते.”

ओसरीवरून केशरबाईंनी हाक मारली — पोहे थंड होत होते.