डाव्या खांद्यावरची थाप

गाडी तुम्ही बघितलीत, सीटवर बसलात, चालू करून आवाजही ऐकलात. आता घटकाभर आत या. वीज गेली आहे, पण या कंदिलाच्या उजेडात बोलण्यापुरतं दिसतं. तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. एवढी दमदार मोटारसायकल, अजून टायरची नक्षीसुद्धा झिजलेली नाही, आणि हा माणूस ती विकायला का निघालाय? कुठेतरी पाणी मुरतंय, असं तुम्हाला वाटतंय. मुरतंयच. ते न सांगता किल्ली तुमच्या हातात ठेवली तर मला झोप लागायची नाही. तशी ती हल्ली लागतही नाही म्हणा.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. काच मापाची करायची, कड काढायची, फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर एका जागी बसून करायचं काम. अशा माणसाने असलं जनावर कशाला दारात आणावं, हा प्रश्न बायकोनेही विचारला होता. पण गाडी घेतली ती तिच्यासाठीच. ती नर्स आहे. लग्नानंतर बरीच वर्षं तिची नोकरी लांबच्या गावी होती, आम्ही एकमेकांकडे पाहुण्यासारखे जायचो. मग टेकडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात तिला जागा मिळाली. ड्यूटी भल्या पहाटेची, त्या वेळी बस नाही, आणि आमची जुनी स्कूटर दोघांना घेऊन चढावर धापा टाकायची. दमदार गाडी असली तर रोज ने-आण करता येणार होती. नाहीतर ती तिकडेच खोली घेऊन राहणार होती. मला ती घरात हवी होती. सकाळी शेजारी तिची विस्कटलेली उशी दिसावी, संध्याकाळी तिने मला दोन शब्द सुनवावेत, एवढंच माझं मागणं होतं.

पहिल्या दिवशी स्कूटरच्या सवयीने मूठ पिळली आणि गाडी मला घेऊन थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांत घुसली. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग कुंड्यांची माती गोळा करता करता म्हणाली, मी मागे बसेन, पण तू शिकल्यावर. ड्यूटी सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते.

म्हणून मी मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ. जड गाड्या चालवायलाही शिकवायचे. गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी आहे, विमानं कधीच यायची थांबली. दुकान सुटलं की उजेड असेपर्यंत आम्ही तिथे जायचो. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मधे भेगाळलेला सिमेंटचा लांब पट्टा. वारा सुटला की गवताचा असा आवाज यायचा की कुणीतरी जवळून चालत गेलंय.

मास्तरांनी आधी गाडी चालूच करू दिली नाही. म्हणाले, रेस वाढवणं हे हाताचं काम नाही, मनगटाचं आहे. माणूस घाबरला की मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट खाली जातं, आणि मनगट खाली गेलं की रेस आणखी वाढते. नवशिके मरतात ते असे. थांबायचं असतं, आणि हात उलटंच करत असतो. दुसरी गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली. रेस एकदम सोडायची नाही. एवढ्या ताकदीची गाडी वेगात असताना मूठ झटकन सोडली तर मागचा माणूस तुमच्यावर आदळतो, आणि त्यात भरीला पुढचा ब्रेक दाबला तर तो तुमच्या डोक्यावरून जातो. वाढवायची ती हळू, उतरवायची तीही हळू.

शिकवायची त्यांची रीत मात्र वेगळी होती. हेल्मेटमधून बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते मागे बसत आणि खांद्यावर थाप देत. एक थाप, रेस वाढव. दोन थापा, उतरव.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळची गोष्ट. मी क्लच सोडला, गाडीला हिसका बसला, आणि मग मात्र ती सुतासारखी सरळ निघाली. खांद्यावर थाप पडली. वाढवली. पुन्हा थाप. पुन्हा वाढवली. दोन थापा आल्या तेव्हा उतरवली. असं वाटलं, या माणसाला माझ्या मनगटातली शीरसुद्धा कळते. मी घाबरायच्या आधी हात थांबत होता, मन धीट झालं की लगेच पडत होता. ओल्या चामड्याचा वास येत होता, गवतातल्या दवाचा असेल म्हणून मी सोडून दिला. टोकाला जाऊन वळलो आणि खुशीत परत निघालो.

धावपट्टीच्या सुरुवातीला मास्तर जमिनीवर बसले होते. कंबर चोळत.

मी गाडी थांबवली. मागे बघायचं धाडस लगेच झालं नाही.

"पहिल्याच हिसक्याला पाडलंस मला," ते म्हणाले. "हाका मारल्या... तू कुठला ऐकतोस."

मग मला थापा कोणी दिल्या, हे मी त्यांना विचारलं. मास्तरांनी कंबर चोळायची थांबवली. त्यांनी एकच विचारलं.

"कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

मास्तर उजव्या खांद्यावर थाप द्यायचे. इतके दिवस उजव्याच. त्यांनी गवताकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं की थापांची ही रीत त्यांच्या थोरल्या भावाची. तो डावखुरा होता. याच पट्टीवर मास्तरांना शिकवायचा. मूठ पूर्ण पिळून शेवटपर्यंत नेल्याशिवाय शिष्य तयार झाला असं तो मानायचा नाही. मास्तरांनी एके दिवशी त्याला मागे घेऊन पूर्ण पिळली, पण मधेच धीर सुटला आणि मूठही सुटली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"आता तुला माझी गरज नाही," उठताना ते म्हणाले. "तो म्हणेल तेवढं थोडं थोडं दे. भांडू नकोस. आणि एकदम... एकदम कधी सोडू नकोस."

त्यानंतर मास्तरांनी मला दारात उभं केलं नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही विकली? खरं सांगू? मला भीती वाटत होती आणि ती गाडी आवडतही होती. जन्मात माझ्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. मी झपाट्याने तयार झालो. वळणं, चढ, ट्रकच्या शेजारून पुढे जाणं, सगळं अंगवळणी पडलं. पण तो हात दोन थापा द्यायचा हळूहळू विसरत चालला. फक्त एक. मग पुन्हा एक. घरी आलो तरी पाय स्वस्थ राहत नसत. जेवताना उठून खिडकीतून गाडी बघायचो. एकदा दुकानात काच घासताना डाव्या खांद्यावर थाप बसली आणि मी चाकावर काच अशी दाबली की तिचे तुकडे झाले. मालक म्हणाले, घाई कसली आहे? घाई माझी नव्हती.

बायकोला यातलं काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने त्याच दिवशी तिकडे खोली घेतली असती.

तिच्या ड्यूटीचा पहिला दिवस उजाडला तो दाट धुक्यात. ती मागे बसली, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. गाव संपेपर्यंत काही झालं नाही. मला वाटलं, जागा भरली, आता तो बसणार कुठे. चढ लागला आणि तो वास आला. ओल्या चामड्याचा.

"जरा पुढे सरक ना," बायको म्हणाली.

"टाकीला चिकटलोय मी."

"मग त्यांना सांग मागे व्हायला... श्वास घेता येत नाहीये मला."

"कुणाला?"

आरशात तिचं हेल्मेट दिसत होतं आणि त्यामागे फक्त धुकं. तिचं सगळं अंग माझ्या पाठीवर दाबलं गेलं होतं, कुणीतरी मागून रेटा लावल्यासारखं. तेवढ्यात थाप पडली. मी रेस दिली नाही. पुन्हा पडली, जोरात. समोर ट्रकचे लाल दिवे धुक्यातून वर येत होते. मी घाबरलो आणि माझी मूठ आवळली गेली. मनगट खाली गेलं. गाडीने झेप घेतली. मास्तरांनी जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते माझा हात आपणहून करत होता, आणि खांद्यावर थापांचा मारा चालू होता, दे, दे, दे.

सोडून द्यावी, हा एकच विचार डोक्यात होता. पण मागे ती होती. झटकन सोडली असती तर ती गेली असती. देवाशपथ सांगतो, त्या क्षणाइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. कोपर वर उचललं, दात आवळले आणि काचेची कड काढतात तशी ती मूठ केसाकेसाने उलटी फिरवत आणली. ट्रकला खेटून गाडी पुढे निघाली, धिमी झाली, आणि कडेच्या खडीवर थांबली.

बायको उतरली. हेल्मेट काढलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती मागच्या सीटकडे बघत उभी राहिली, बरोबरच्या माणसाची वाट बघतात तशी.

"उतरले का ते?" तिने हळूच विचारलं.

मला तो विषय संपवायचा होता. तिचा हात धरून तिला त्या गाडीपासून लांब न्यायचं होतं.

"उतरले," मी म्हणालो.

इस्पितळाची गाडी मागून आली, ड्रायव्हरने तिचा गणवेश ओळखला आणि थांबवली. ती आत बसली. तरी त्याने दार लगेच लावलं नाही, अजून कुणी चढायचं राहिलंय असं समजून तो क्षणभर थांबला, आणि मग लावलं. मी परत फिरलो. गाडी हलकी लागत होती. वास नव्हता, थाप नव्हती. घरी येईपर्यंत मी चक्क गुणगुणत होतो.

ती त्या रात्री आली नाही. फोनवर म्हणाली, इथेच खोली मिळाली आहे, बरं पडतं. मी खूप विनवलं. रडलोसुद्धा. पण मनात म्हटलं, जीव तर वाचला. मग रोजच्या फोनवर तिचं बोलणं भरभर होत गेलं. वॉर्डातलं काम सगळ्यांच्या आधी संपतं म्हणाली. मैत्रिणी म्हणतात, जरा दमाने घे. झोप येत नाही, बसवत नाही. डावा खांदा दुखतो, त्याला शेक देते. गाडी विकायची मी त्याच घटकेला ठरवलं.

काल तिचा फोन आला. एका मैत्रिणीची मोटारसायकल तिने चालवली. जिने सायकलचं हँडलसुद्धा कधी धरलं नव्हतं तिने. रविवारी घरी येते म्हणाली. आपली गाडी काढून ठेव, मीच चालवणार.

"मी मागे बसतो," मी म्हणालो. निदान तेवढं तरी माझ्या हातात असावं म्हणून.

ती फार मायेने बोलली, लहान मुलाची समजूत काढतात तशी.

"नको रे... तुला जागा होणार नाही."

म्हणून सांगतो, कागदपत्रं मागाहून बघू. गाडी आत्ताच घेऊन जा, आणि हळू न्या. उद्या रविवार आहे. तिची बस सकाळची आहे खरी, पण हल्ली ती सगळीकडे वेळेच्या आधीच पोहोचते.