चार तासांवर कलकत्ता

नांदुऱ्याहून निघालेली एस.टी. खड्ड्यात आदळली, आणि शेजारच्या तरुणाचा नकाशा उलगडून माझ्या गुडघ्यांवर पसरला.

“माफ करा... बंगालचा उपसागर तुमच्याकडे आला.”

“असू द्या. खिडकी गळतेच आहे.”

नकाशा विमानांच्या मार्गांचा होता; १९५० नंतरच्या त्या वर्षांत रात्रीची टपालाची विमानं माणसंही नेत. तरुणाचं नाव इंद्रभान, गाव वडनेर भोलजी, नोकरी कलकत्त्याच्या कारखान्यात. रजा घेऊन लग्न जमवायला आला होता, आणि ‘लई दूर’ म्हणून तीन घरांनी नकार दिला होता.

“दूर कुठे? नागपूर ते कलकत्ता, विमानाने चार तास!”

“आणि इथून नागपूर?”

“ते... धरलं नाही.”

“का?”

“धरलं की नकार येतो.”

मी जळगाव जामोदच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. चुकीचं उत्तर इतक्या प्रामाणिकपणे कुणी दिलं नव्हतं.

“जळगाव लवकर आलं,” उतरताना तो म्हणाला.

“वेळेवरच आलं,” मी म्हटलं. पण मलाही लवकर वाटलं होतं.

तो मामाकडे उतरला होता. त्यानंतर शाळेसमोरच्या दुकानात रोज टाचण्या घेताना दिसू लागला.

“एवढ्या टाचण्या कशाला?” शेवटी मी विचारलं.

“नकाशा भिंतीला ठोकतोय. पुन्हा तुमच्या अंगावर यायला नको.”

“आला तर... चालेल,” म्हणून मी भराभर चालू लागले.

रविवारी तो मामांना घेऊन आमच्या ओसरीवर हजर. माझ्या आबांचा एकच नियम होता: लेक सासरहून सकाळी निघाली, तर दिवेलागणीपर्यंत माहेरी पोचली पाहिजे. माझ्या दोन्ही बहिणी याच मापाने दिलेल्या.

“विमानाने चार तास, काका,” इंद्रभान म्हणाला.

“थे विमान आपल्या वावरात उतरते काय?” आबा माझ्याकडे वळले. “रुख्मिणी, तू शिकेल हायेस. पाव्हणे बरोबर सांगून राह्यले काय?”

इंद्रभानने माझ्याकडे पाहिलं. एक ‘हो’ पुरला असता.

“नाही,” मी म्हणाले.

मामांची बशी ओठांशीच थांबली.

“टपालाचं विमान रात्रीचं असतं. दिवेलागणीला घर सोडायचं, मध्यरात्रीनंतर नागपूर. मग रेल्वेने नांदुरा, मग आपली एस.टी. इथे पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दिवेलागण. वारा उलटा असला, तर विमानालाच पाच तास.”

“वारा तरी सोडायचा होता,” तो पुटपुटला.

“चाल बे इंद्रभान,” मामा उठले. “पोरगीच नाही म्हणते.”

“मी नाही कुठे म्हटलं?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “उत्तर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. चुकीच्या अंतरावर मी हो म्हणणार नव्हते.”

“अन् बरोबर अंतरावर?” आबांनी विचारलं.

पागोळ्या गळत होत्या. मी चहाच्या कपांकडे पाहिलं, मग सरळ त्याच्याकडे.

“बरोबर अंतरावर... जाईन.”

आबा सुपारी कातरू लागले.

“आख्खा दिस लागते म्हणतेस. मंग आली का महिनाभर राह्यजो. दोन दिसांसाठी येवढी दगदग कोण करते?”

“महिनाभर?” इंद्रभान दचकला. “अहो काका, मग मी तिकडे एकटा...”

आबा पहिल्यांदाच हसले.

“पाहा! आत्तापासूनच दूर वाटून राह्यलं ह्याले!”