बाहेर गेलेल्यांचा वाटा

दुपारच्या जेवणाआधी थोरल्यांना एकच गोष्ट विचारायची म्हणून इंबेर जिना चढून गेला. जेवण किती रांधायचं हे त्याला ठाऊक होतं. रांधलेलं कुणाला द्यायचं, एवढंच विचारायचं होतं.

इंबेर किल्ल्याच्या कोठीवर होता. जेरुसलेमच्या वाटेवरचा हा किल्ला लढवय्या साधूंचा. अंगात चिलखत, छातीवर क्रूस, आणि हुकमाला एकच उत्तर: "देवाच्या नावे." एवढं म्हटलं की निघायचं. पंथाचे प्रमुख गॉर्मों, त्यांना सगळे थोरले म्हणत. याच थोरल्यांनी भर उन्हाळ्यात निम्मा किल्ला बरोबर घेऊन सुलतानाच्या फौजेवर चाल केली होती. पुढची विहीर आटली आहे, असं वाटाडे घसा फोडून सांगत होते. थोरल्यांनी त्यांना भित्रे ठरवलं. विहीर आटलेलीच निघाली, शत्रूचा वेढा पडला, आणि परत आले ते एकटे थोरले. त्यांच्या खोगिराला पाण्याची पखाल लटकत होती. इंबेरनेच ती सोडवली. निम्मी भरलेली होती.

पंथाची रीत अशी, की भाऊ मेला तर त्याच्या जेवणाचा वाटा चाळीस दिवस गरिबाला घालायचा. तेवढ्याने त्याचा जीव सुटतो. बाहेर कामगिरीवर गेलेल्या भावाचा वाटा मात्र त्याच्यासाठीच वाढून ठेवायचा.

सकाळपासून वाळवंटाकडून धुळीचं वारं सुटलं होतं. सूर्य जुन्या तांब्यासारखा मळला होता आणि थोरल्यांच्या खोलीत भरदुपारी दिवा जळत होता.

"थोरले, फाटकाशी गरीब बसलेत. माझ्या जोडीदाराचा, रेनियेचा वाटा त्यांना देऊ ना?"

"का? रेनिये जेवणार नाही?"

"तो मेलाय, थोरले."

"तू पाहिलंस?"

"मी नव्हतो तिथे. तुम्ही होता."

दिव्याची वात चरचरली. थोरल्यांनी ती बोटांनी नीट केली.

"माझे भाऊ कामगिरीवर आहेत, इंबेर. सभेत मी हेच सांगितलंय. मेले म्हटलं, की उद्या हीच सभा विचारणार, कसे मेले?"

"रेनियेचा जीव अडकून पडलाय. एक शब्द बोला. एकच."

"त्या एका शब्दाने माझी गादी जाते. सगळ्यांचे वाटे वाढ. हा हुकूम आहे."

इंबेरच्या घशाशी शिवी आली होती. बाहेर पडलं ते नेहमीचंच. "देवाच्या नावे."

खाली नायब बेरेंगार भिंतीला टेकून उभा होता. "काय रे, मेले का शेवटी आपले लोक?"

"नाही. बाहेर गेलेत."

"वा! मग माझा बापही बाहेरच गेलाय म्हणायचा. मी लहान होतो तेव्हा गेला. येताना कांदे आणील."

"हसता काय, नायब? सभेत तोंड उघडा ना."

"तू उघड. तुझं मुंडकं स्वस्त आहे," बेरेंगार म्हणाला आणि जेवणघरात शिरला.

पंथात दोघांत मिळून एक वाडगा. जोडीदार एकमेकांसमोर बसतात, आपापल्या बाजूने खातात. रेनिये इंबेरचा जोडीदार होता. कित्येक वर्षं त्यांनी एका वाडग्यात बोटं बुडवली होती. फक्त थोरल्यांचा वाडगा त्यांचा एकट्याचा. जेवताना बोलायची बंदी. मीठ हवं असलं तरी खुणेनं मागायचं.

दारं लावून घेतली तरी धूळ आत येत होती. मसुरीची दाट आमटी, पाव, पाणी घातलेली द्राक्षाची दारू. बाकांची एक बाजू रिकामी, आणि प्रत्येक रिकाम्या जागेपुढे वाढलेलं. इंबेरने आपल्या बाजूची आमटी ओढली. ती दाट होती, म्हणून वाडग्याच्या मधोमध आमटीचा उभा काठ राहिला. समोरचा अर्धा भाग तसाच होता.

मग तो काठ हलला.

इंबेरने बोटं मागे घेतली. समोरची आमटी खाली जात होती... घाईघाईने, रेनिये जेवायचा तशी. त्याच्याही आधी रेनियेचा पेला कोरडा पडला होता. वास आला, तापलेल्या लोखंडाचा आणि घोड्याच्या घामाचा. इंबेरने मान वळवली. प्रत्येक वाडग्यात तेच चाललं होतं. सगळे भाऊ ताठ बसले होते, एकाच्याही तोंडून आवाज नव्हता. जेवताना बोलायची बंदी होती.

वाडगे रिकामे झाले. रिकाम्या बाजूचे बाक एकदमच करकरले, माणसं उठल्यावर करकरतात तसे. कामगिरीवरून आलेला भाऊ जेवून थोरल्यांसमोर उभा राहतो, पुढच्या हुकमाची वाट बघतो. फरशीवरची धूळ थोरल्यांच्या खुर्चीपुढे पावलांच्या ठशांनी भरून गेली.

इंबेरने बंदी मोडली. "थोरले... ते शब्दासाठी थांबलेत. 'भावांनो, तुम्ही मेलात' एवढं त्यांना म्हणा. सोडा त्यांना."

थोरल्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी भावांच्या रांगेकडे पाहिलं, नायबाकडे पाहिलं. त्या क्षणीसुद्धा माणसाला गादी आठवली!

"जा," ते पुटपुटले. "जिथून आलात... तिथे परत चला."

रिकाम्या जागेतून कोरड्या घशांचं उत्तर आलं. "देवाच्या नावे."

पण कुणी हललं नाही. पंथात थोरल्यांनी कूच सांगितली, की पहिलं पाऊल थोरल्यांचं. त्यांच्यापुढे कुणी जात नाही. गॉर्मोंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. बोटं एकेक करून सुटली. ते उठले, चालू लागले, आणि दार आपोआप उघडलं. "इंबेर," ते वळून न बघता म्हणाले, "अरे, धर मला..." इंबेर जागचा उठला नाही. धुळीत ते दिसेनासे झाले. त्यांच्यामागे धूळ बराच वेळ रांगेने उडत होती.

वारं पडल्यावर स्वार विहिरीवर गेले. भाऊ तिथे होते, उन्हाने सुकून लाकूड झालेले. रेनियेच्या दाढीत मसूर होती, ओली. थोरले कुठेच नव्हते.

सभा भरली. गादीवर आता बेरेंगार होता. त्याने भाऊ मेल्याचं जाहीर केलं, इंबेर रडला. मग बेरेंगारने घसा साफ केला. "आणि आपले थोरले गॉर्मों भावांच्या अग्रभागी लढता लढता धारातीर्थी पडले."

"खोटं आहे!" इंबेर ओरडला.

"पंथाची अब्रू आहे, इंबेर. बस खाली."

फाटक उघडलं. गरीब आत आले, मेलेल्यांच्या जागी बसले, पोटभर जेवले. रेनियेच्या जागेवरच्या बाईने वाडगा पुसून खाल्ला आणि त्याच्यासाठी हात जोडले. इंबेरचं ओझं उतरलं. पाण्याचा भरलेला घडा घेऊन तो वाढत फिरू लागला.

गॉर्मोंच्या एकट्याच्या वाडग्यावर एक आंधळा यात्रेकरू बसवला होता. त्याने आमटीत बोटं घातली आणि थांबला.

"भाऊ, माझ्याबरोबर कोण जेवतंय?"

इंबेरने पाहिलं. समोर कुणी नव्हतं.

"आधी पाणी द्या याला," आंधळा म्हणाला. "बोटं बघा कशी तापलीत... चटका बसतोय."

इंबेर क्षणभर उभा राहिला. मग पाठ फिरवून पुढच्या बाकाकडे गेला आणि तिथल्या म्हातारीच्या पेल्यावर घडा कलता केला.

थेंबही पडला नाही. घडा कोरडा ठणठणीत होता, आणि त्याची माती इतकी तापली होती की हातात धरवत नव्हती.