कृष्णाबाईच्या चिकाची परीक्षा

“अरे हळू! आत काच आहे!” सत्यवतीताई ओरडल्या आणि हिरामणने श्वास रोखून खांद्यावरची पेटी ओटीवर टेकवली.

खरं तर आज हिरामण, कोकिळा आणि केसर या तिघांनी पोहायला जायचं ठरवलं होतं. काशीदचा समुद्र समोरच निळाशार पसरला होता. पण मुंबईच्या औषध कारखान्यातून सत्यवतीताई तपासणीची पेटी घेऊन आल्यात म्हटल्यावर पोहणं कोणाला सुचतं? कोकिळेने झाकण उघडलंसुद्धा! आत काचेच्या नळ्या होत्या, दोन थर्मामीटरं होती, दुधाच्या पावडरीचा डबा होता आणि बटण दाबलं की थांबणारं एक गोल घड्याळ होतं.

ही गोष्ट १९६२ सालच्या मे महिन्यातली. कोकिळेचे वडील भागोजी यांची गावात पपईची वाडी होती. कच्च्या पपईला चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो. गावातल्या सगळ्या वाड्यांचा चीक भागोजींच्या छपरीत भट्टीवर वाळायचा आणि त्याची पूड औषधासाठी मुंबईला जायची. या खेपेला मात्र कारखान्याने माल परत पाठवला होता.

“या पुडीत दमच नाही,” ताई म्हणाल्या.

“कसा असेल?” भागोजी तडकले. “सगळ्यांत जास्त चीक कृष्णाबाईचा, तीच त्यात पेज मिसळत असणार! तिचा चीक उद्यापासून बंद!”

केसरचा चेहरा उतरला. कृष्णाबाई तिची आई. त्यांचं घर त्यांच्या वाडीतल्या पपयांवरच चालायचं. “माझी आई असं कधीच करणार नाही!” ती कशीबशी म्हणाली.

“मग खरं काय ते शोधून काढू या!” कोकिळा म्हणाली.

सत्यवतीताई हसल्या. “मला सांगा, मटणात कच्ची पपई का घालतात?”

“लवकर शिजावं म्हणून!” उरणहून भागोजीमामांकडे सुट्टीला आलेला हिरामण ओरडला. “खाण्याचं काहीही विचारा, मला येतं!”

“शाबास! पपईच्या चिकात एक एन्झाइम असतो. तो मांस मऊ करतो आणि दूध गोठवतो. एन्झाइम जोरदार असेल तर दूध पटकन गोठतं. दुबळा असेल तर उशीर लागतो. तो उशीर मोजायचा, की चिकात किती दम आहे ते कळलं!”

ताईंनी आधी परत आलेल्या पुडीवर आयोडीनचा थेंब टाकला. पेज असती तर पूड निळी झाली असती. ती तपकिरी होती, तपकिरीच राहिली!

मग त्यांनी दूध कालवलं, नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. त्यांची बोटं इतकी सराईत चालत होती, की मुलं बघतच राहिली. कृष्णाबाईच्या ताज्या चिकाचं पाणी दुधात पडलं. ताई नळी अलगद तिरकी करत होत्या. काचेवर बारीक कण दिसले आणि टक्! घड्याळ थांबलं.

“बाप रे! जादूच!” हिरामण पुटपुटला.

“जादू नाही, मोजमाप आहे,” ताई म्हणाल्या.

परत आलेल्या पुडीच्या नळीतलं दूध मात्र गोठेचना!

“चीक चांगला, पूड वाईट! म्हणजे घोटाळा भट्टीत!” कोकिळा उसळून म्हणाली.

“माझ्या भट्टीत खोट न्हाय!” भट्टी सांभाळणारा अंबाजी गुरकावला. “आज सगळ्यांसमोर वाळवतो, बघा!”

आणि काय आश्चर्य! संध्याकाळी पांढरीशुभ्र पूड निघाली. दूध झटकन गोठलं. अंबाजीने मिशीवर ताव दिला.

“बघितलंत?” भागोजी म्हणाले. “पेज नाही, तर पाणी घालत असेल! आज आपली नजर होती, म्हणून कृष्णाबाईने चांगला चीक दिला!”

केसरच्या डोळ्यांत पाणी आलं. कोकिळा मात्र एकदम थबकली. तिने दोघांना अंगणात ओढलं. “ऐकलंत बाबा काय म्हणाले? आज नजर होती म्हणून! पण आज नजर अंबाजीकाकांवरही होती!”

“आणि परत आलेली पूड तपकिरी आहे, आजची पांढरी!” केसर डोळे पुसत म्हणाली.

“म्हणजे उद्या नजर काढून घ्यायची!” हिरामणने टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कृष्णाबाईचा चीक दोन भागांत वाटला. एक छपरीत पाठवला. दुसरा घरच्या चुलीच्या उबेला, थर्मामीटर लावून, केसरने वाळायला ठेवला. तिकडे हिरामण छपरीसमोर उभा राहून, अंबाजीला ऐकू जावं म्हणून बोंबलला, “कोकिळे, चल लवकर! ताई आणि मामा मुरुडला निघाले! दिवसभर कुणी नाही!”

दोघं छपरीमागच्या कुडाआड बसली. थोड्याच वेळात धाडधाड आवाज आला. अंबाजी भट्टीत ओंडके कोंबत होता! मग तो खांद्यावर घोंगडी टाकून सुरूच्या झाडांखाली गेला आणि घोरू लागला.

मुलं आत शिरली. काय ती धग! ताईंनी केसरला पंचावन्न अंशांच्या वर जायचं नाही, म्हणून बजावलं होतं. कोकिळेने ताटाजवळ दुसरं थर्मामीटर धरलं, तर पाऱ्याने ऐंशी केव्हाच ओलांडले होते! चीक कडेने करपत होता.

“आमच्या उरणला मीठसुद्धा असं भाजत नाहीत!” हिरामण म्हणाला आणि घरातच लपून थांबलेल्या मामांना बोलवायला धावत सुटला.

भागोजींनी भट्टी पाहिली, घोरणारा अंबाजी पाहिला. संध्याकाळी त्यांनी कृष्णाबाईला ओटीवर बोलावलं. ताईंनी दोन नळ्या भरल्या आणि भागोजींच्याच हातात दिल्या. उजव्या हातातलं दूध बघता बघता गोठलं. डाव्या हातातलं तसंच पातळ राहिलं.

“दोन्हींत एकच चीक आहे, बाबा,” कोकिळा हळूच म्हणाली. “कृष्णाबाईंचा. उजवा केसरने वाळवलेला, डावा भट्टीतला.”

अंबाजीने मान खाली घातली. “लवकर वाळला की लवकर सुटका, म्हणून आग वाढवायचो. चिकाचा जीव जातो, ह्ये ठाव नव्हतं.”

“उद्यापासून पारा बघून आग घालायची,” भागोजी म्हणाले आणि कृष्णाबाईकडे वळले. “बाई, मी तपास न करता बोललो. चुकलो. पोरांनी मला सावरलं!”

“ही पोरं नाहीत, शास्त्रज्ञ आहेत!” सत्यवतीताई म्हणाल्या. “नजर नसताना काय होतं ते तपासायचं, हे मलासुद्धा सुचलं नव्हतं! कारखान्यात सगळ्यांना सांगणार आहे मी.”

हिरामणची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटणच तुटलं!

कृष्णाबाईने हात पुसले, भागोजींच्या उजव्या हातातली नळी घेतली आणि मावळत्या उजेडात धरली. आतलं गोठलेलं दूध ती कितीतरी वेळ न्याहाळत राहिली.

“व्हय गं केसर,” ती लेकीला म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा हसला, “आपला चीक जित्ता हाय!”