हळदीचं अंडं मऊ का पडलं?

अंडं म्हटलं की ते टणक असायचंच, नाही का? पण केतकीने पिंजऱ्यात घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात हात घालून हळदीचं अंडं हलकेच दाबून पाहिलं, तर ते चक्क आत दबलं! कवचाचा पत्ताच नाही, नुसता पातळ पापुद्रा.

हळदी म्हणजे केतकीच्या गॅलरीतल्या बजरीगर जोडीतली पिवळीधमक मादी. (बजरीगर म्हणजे ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणून मोकळे होतो, ते इवलेसे रंगीत पोपट.) अगदी पिल्लू असल्यापासून केतकीने तिला वाढवलं होतं. आणि आज तीच हळदी पिसं फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी धापा टाकत बसली होती.

"दुसरं अंडं पोटात अडकलंय," घरातला यंत्रमानव बंब्या तिला तपासून म्हणाला. "त्याचंही कवच मऊ आहे."

केतकी ओरडली, "आत्या! लवकर ये गं, हळदी मरतेय!"

सुमेधा आत्या धावत आली. ती काचांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय थट्टा आहे? त्यावर तोड म्हणून तिने शोधलेली थंड काच आता गावातल्या घराघरांत होती. भाचीच्या पोपटांसाठी तर तिने त्यातली उत्तमातली उत्तम काच गॅलरीला हौसेने बसवून दिली होती. तिने लगेच पडद्यावर पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठलं.

"आधी ऊब द्या," ते म्हणाले. "मी कॅल्शियमचे थेंब घेऊन निघालोच."

बंब्याचे तळवे गरम व्हायचे, म्हणून तर त्याचं नाव बंब्या! त्याने हळदीला अलगद ओंजळीत घेतलं. केतकी हुंदके आवरत शेजारी बसून राहिली. डॉक्टर आले, त्यांनी थेंब पाजले, आणि बऱ्याच वेळाने हळदीने अंग आकसलं... सुटली बिचारी! अंडं बाहेर आलं. थोड्या वेळाने बाईसाहेब मान वळवून पंख साफ करायला लागल्या, तेव्हा केतकीला हसावं की रडावं तेच कळेना. तिने दोन्ही केलं.

"पण कॅल्शियम कमी पडलंच कसं?" तिने नाक पुसत विचारलं. "समुद्रफेस (माकूल या समुद्री जीवाच्या अंगातलं चुन्याचं हाड) ती रोज कुरतडते. शिवाय दिवसभर ऊन येतं."

"उजेड येतो," बंब्या म्हणाला. "ऊन पूर्ण येत नाही. इथे अतिनील किरण शून्य." (अतिनील म्हणजे जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण.)

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! माझीच काच!"

"म्हणजे?"

"असं बघ. दारात विटांचा ढीग पडलाय, पण आत वाहून न्यायला माणूसच नाही, तर भिंत उभी राहील का? कॅल्शियम म्हणजे त्या विटा. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नेण्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं. अंगावर अतिनील किरण पडले की ते शरीरात तयार होतं. साधी काचसुद्धा हे किरण अडवते, आणि माझी तर एकही सोडत नाही! मग कवच कशाचं बनणार? अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं गं."

"तू तर तिला उन्हापासून वाचवायला गेली होतीस."

"आणि जिवावरच उठले की तिच्या! म्हणे शास्त्रज्ञ!"

त्याच दिवशी दोन काचा निघाल्या आणि तिथे बारीक जाळी लागली. दुपारी सावलीला बसता यावं म्हणून एका कोपऱ्यावर गोणपाट टाकलं. हळदीला काही दिवस अंडी घालण्यातून आराम हवा म्हणून डॉक्टरांनी मडकंही काढून ठेवायला लावलं.

थंडी सुरू झाल्यावर मडकं पुन्हा टांगलं. हळदीने अंडं घातलं, तशी केतकीने श्वास रोखून आत बोट नेलं. टणक! तिने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

आता त्या मडक्यात तीन भुकेली पिल्लं दिवसभर कालवा करतात. आत्या आता नवी काच बनवतेय, उष्णता अडवणारी पण अतिनील किरणांना वाट देणारी. एखादा तुकडा तयार झाला की ती आधी भाचीला विचारते, "पोपटांना चालेल का गं?"

आणि केतकी बंब्याला किरण मोजायला लावते, मगच हो म्हणते.