दोनवर मारलेली काट

सकाळी डोळे उघडले तेव्हा कृत्तिकाला वाटलं, आपल्याला पुन्हा ताप चढलाय. वॉर्डच्या खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर, कपड्यांचे चिमटे लावून, रुग्णांच्या नाकाला लावायच्या प्राणवायूच्या नळ्या वाळत घातल्या होत्या. मांडवाला पडवळं लोंबावीत तशा.

दोरीखाली भाऊसाहेब समाधानाने उभे होते.

भाऊसाहेब म्हणजे या डोंगरातल्या रुग्णालयाचा यंत्रमानव. पूर्वी ते एका मंगल कार्यालयात पंगती वाढायचे आणि ताटं घासायचे. कार्यालयाने जेवणाऱ्यांचे फोटोही काढणारा नवा यंत्रमानव घेतला, आणि भाऊसाहेब आरोग्यसेवेत आले. न्यूमोनिया झालेल्या कृत्तिकाला कडू औषध पाजणं फक्त त्यांनाच जमायचं. "ताई, एक चमचा माझ्या नावाचा," असं ते इतक्या आर्जवाने म्हणायचे की तोंड आपोआप उघडायचं.

डॉक्टर गवाणकर मॅडम आत आल्या आणि दोरीला अडकता अडकता वाचल्या.

"भाऊसाहेब! या नळ्या वापरून झाल्या की फेकायच्या असतात! एकाची दुसऱ्याला लावली असती म्हणजे?"

"धुतल्यात मॅडम. चांगल्या खळखळून."

"फेका म्हणते ना!"

भाऊसाहेबांनी फेकल्या. मन लावून फेकल्या. मॅडम राउंड संपवून परतल्या तोवर भाऊसाहेबांनी ह्युमिडिफायरच्या बाटल्याही (यांतल्या पाण्यातून बुडबुडत गेलेला प्राणवायू ओलसर होतो, नाक कोरडं पडत नाही) कचऱ्यात घातल्या होत्या. त्या मात्र धुऊन पुन्हा वापरायच्या होत्या.

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. मग यंत्रमानवाच्या कंपनीला फोन लावला. "दुपारी गाडी येईल," त्या म्हणाल्या. "सुटे भाग करून दुसरीकडे वापरतील."

भाऊसाहेबांचा छातीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. कृत्तिकाला ते बघवेना. शिवाय तिला स्वतःलाच कळेना. नळीही प्लास्टिकची, बाटलीही प्लास्टिकची. मग एक धुतली म्हणून ओरडा आणि दुसरी धुतली नाही म्हणून ओरडा, हे कसं?

डबा घेऊन आलेल्या आजोबांना, म्हणजे आबांना, तिने हेच विचारलं. आबा निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमागे आयुष्यभर धावलेले, आणि चष्मा सापडत नाही म्हणून रोज चिडणारे). त्यांनी उत्तर दिलंच नाही. भाऊसाहेबांकडे वळून म्हणाले, "कार्यालयात पत्रावळी धुवायचात का हो?"

"छे! पानं जोडलेल्या टाक्यांमध्ये आमटी शिरते. निघता निघत नाही."

"आणि स्टीलची ताटं?"

"घासायची, उकळत्या पाण्यातून काढायची. हात सगळीकडे पोचतो ना."

"मग ही नळी कोण? ताट की पत्रावळ?"

आबांनी मॅडमकडून मुदत संपलेली एक कोरी नळी आणि एक बाटली मागून घेतली. दोन्हींत कृत्तिकाचं हळदीचं दूध ओतलं. (याचं कृत्तिकाला मुळीच दुःख झालं नाही.) मग भाऊसाहेबांनी दोन्ही गरम पाण्याने धुतल्या. बाटलीत ब्रश घातला, नळीत कुठून घालणार?

"दोन्ही स्वच्छ दिसतायत," कृत्तिका म्हणाली.

"दिसतायत," आबा म्हणाले आणि दोन्हींत साबणाचं पाणी सोडलं. बाटली तशीच राहिली. नळीत मात्र, नाकात जाणाऱ्या दोन टोकांच्या वळणांवर, लालसर कडी उमटली. उरलेली हळद साबणाने लाल झाली होती.

"हळद निदान दिसली. जंतू अशा अरुंद, ओल्या जागी स्वतःभोवती जंतुपट विणतात (चिकट थर, जणू गोधडी), आणि तो नुसत्या धुण्याने सुटत नाही. वाफेत घालावी तर ही मऊ नळी वाकडी होते. बाटलीचं तसं नाही. तिच्या आत ब्रश फिरतो आणि ऑटोक्लेव्हची वाफही (रुग्णालयाचा मोठा प्रेशर कुकर समज) ती सोसते."

"मग सगळंच एकदा वापरून फेकूया की!" कृत्तिका म्हणाली.

"आणि घाटात दरड आली की नवी बाटली आणणार कुठून? शिवाय कचऱ्याचा डोंगर होईल तो वेगळाच. भाऊसाहेब, नळीच्या पाकिटावर खूण होती ना? गोलात दोनचा आकडा आणि त्यावर काट?"

"होती. पाकीट 'दोन नको' म्हणत होतं."

"मग?"

"पंगतीत पाहुणा 'दोन नको' म्हणाला की मी तीन वाढायचो. सगळे संपवायचे."

आबांना हसता हसता ठसका लागला. कृत्तिका हसली नाही. तिने भाऊसाहेबांचा थंड हात धरला.

"भाऊसाहेब, पाहुणा लाजून नको म्हणतो. नळी लाजत नाही. दुसऱ्यांदा वापरू नका, एवढंच सांगते ती."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारात उभ्या असलेल्या मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिशातून एक नवाच मास्क काढला. त्यावर कसलीच खूण नव्हती.

"समजा, हा एकाने वापरला. आता दुसऱ्याला लावाल?"

भाऊसाहेबांनी मास्क आतून-बाहेरून निरखला. "हात सगळीकडे पोचतो. वाफ सोसेल का, ते लिहिलेलं नाही." दिवा बराच वेळ लुकलुकला. "मला माहीत नाही, मॅडम. बनवणाऱ्याला विचारेपर्यंत नाही लावणार."

मॅडमनी मास्क परत खिशात ठेवला.

"आबा," कृत्तिका हळूच म्हणाली, "मटाराच्या शेंगेसारखी उघडणारी नळी केली तर? आत ब्रश फिरवायचा, आणि वाफ सोसेल असं काहीतरी वापरायचं."

"आणि ती मिटल्यावर गळली नाही पाहिजे," आबा म्हणाले. "कर तू. मी चष्मा शोधून ठेवतो."

तेवढ्यात ड्रायव्हर आत डोकावला. "मॅडम, यंत्र न्यायचं होतं ना?"

"नको," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांचा दिवा पिवळा आणि हिरवा यांच्या मधे थांबला. "मॅडम, हा नको पंगतीतला का?"

"दवाखान्यातला," मॅडम म्हणाल्या. "चला, त्या बाटल्या घासायच्यात."